येडशीत पाणी शंभराला उकळत नाही

दूध संकलनाच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आहे का, हे शेतकरी हक्काने विचारतो. पण तेच दूध ज्या तापमानाच्या भरवशावर पाश्चराइज होते, तो आकडा खरा आहे का, हे कुणीच विचारत नाही. काटा चुकला तर पैसे जातात. तापमान चुकले तर जंतू लेकरांच्या पोटात जातात. म्हणून काट्याइतकीच तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचीही पडताळणी सक्तीची हवी.

टोक उकळत्या पाण्यात बुडवायचे आणि १०० दिसले की निश्चिंत व्हायचे, ही सोपी युक्ती येडशीत फसते. बालाघाटच्या डोंगररांगेतले हे गाव समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. इमानाने ९८ दाखवणारा मीटर चुकीचा समजून १०० वर आणला, की पुढे ७२ दिसत असताना दूध ७० वरच असते. ७२ अंशांवर १५ सेकंद हा पाश्चरायझेशनचा नियम तिथेच मोडतो. वायरिंगही दगा देते. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो. थंड टोकाचे तापमान मीटर आपल्या जागी मोजून त्यात मिळवतो. थर्मोकपलशी जुळणाऱ्या कॉम्पेनसेटिंग केबलऐवजी साधी तांब्याची वायर जोडली, तो जोड ५० अंशांवर आणि मीटर ३५ वर असला, तर आकडा तब्बल १५ अंशांनी कमी दिसतो.

मीटर डिजिटल आहे, दशांशही दाखवतो, असे कुणी म्हणेल. दशांश दिसणे आणि आकडा खरा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चाची तक्रार रास्त आहे, पण सगळे सेन्सर प्रयोगशाळेत धाडायची गरज नाही. एकच संदर्भ थर्मामीटर दरवर्षी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणावा आणि ७२ अंशांच्या ढवळत्या पाण्यात बाकीचे त्याच्याशी ताडून बघावेत. मधल्या काळात स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा चुरा पाण्यात भिजवून शून्य तपासावे. उंचीने बर्फाच्या शून्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मात्र नुसते शून्य जुळले म्हणून ७२ जुळेलच असे नाही, तेव्हा दोन्ही नोंदी तारखेसह वहीत हव्यात, आणि दूध घालणाऱ्याने मागितली की ती वही त्याच्यासमोर उघडली पाहिजे.