काढा घ्या, पण घड्याळही पाहा! हिवाळ्यातले घरगुती उपाय नेमके कुठपर्यंत?

अहिल्यानगर : डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्याचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. घराघरांत आल्याचा चहा, हळदीचं दूध आणि ओव्याची पुरचुंडी सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवर काढ्याच्या कृती फिरू लागतात आणि त्यासोबत जुना वादही. एक गट म्हणतो, 'नैसर्गिक आहे, अपाय नाहीच.' दुसरा म्हणतो, 'हे सगळं थोतांड.' दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. घरगुती उपाय सर्दी घालवत नाहीत, ती जाईपर्यंतचे दिवस सुसह्य करतात. तेवढं काम त्यांतले काही खरोखर चांगलं करतात. खरा धोका काढ्यात कमी आणि काढ्याच्या भरवशावर थांबून राहण्यात जास्त आहे.

सर्दी आपोआप जाते, मग उपाय कशाला?

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा ७ ते १० दिवसांत आपली आपण बरी होते. खोकला त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, या विषाणूंवर नाही. मेडिकलमधून आणलेली 'स्ट्राँग गोळी' असो की आजीचा काढा, पाचव्या दिवशी जे घेतलं त्यालाच श्रेय मिळतं.

तरीही आराम मिळणं महत्त्वाचं आहे, लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दूषित कफ सिरप घेतल्यानंतर २० हून अधिक मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. म्हणजे पाजता येईल तितकं अंगावरचं दूध, मोठ्या मुलांना कोमट पाणी, पेज आणि पुरेशी ऊब हा गरिबाघरचा नाइलाज नाही. साध्या सर्दीत तोच योग्य उपचार आहे.

कोणत्या उपायाला किती आधार?

मध : सगळ्यात भक्कम पुरावा याचाच. ब्रिटनने २०१८ मध्ये साध्या खोकल्यासाठी आधी मध घ्या, असा सल्ला दिला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये १४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही मधाने खोकल्याला उतार पडतो असं दिसलं. मात्र १ वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ, पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

अडुळसा : बांधावर आणि कुंपणाला दिसणारं हे झुडूप. यातल्या 'व्हॅसिसिन' या घटकाच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध तयार झालं. पण औषधात मात्रा मोजलेली असते, घरच्या रसात नसते. गर्भवतींनी तर तो टाळावाच, कारण व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

हळदीचं दूध : घशाला बरं वाटतं, यात शंका नाही. पण हळदीतलं करक्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं. बंगळुरूतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की मिऱ्यातल्या पायपेरीनसोबत हे शोषण कित्येक पटींनी वाढतं. तरी त्याने सर्दी लवकर बरी होते, असं त्यातून सिद्ध होत नाही.

वाफ : नाक थोडा वेळ मोकळं होतं, इतकंच. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजतात, तो धोका या फायद्यापेक्षा मोठा आहे. त्यापेक्षा मोठ्यांनी मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात. स्वस्त आणि निर्धोक.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

काही जुन्या सवयी थेट घातक आहेत. बाळाच्या टाळूला किंवा नाकाजवळ कापूर लावल्याने झटके येऊ शकतात. नाकात तेलाचे थेंब सोडल्यास ते फुप्फुसात उतरतं. बाळ-बाळंतिणीला दिली जाणारी ओव्याची धुरी आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी ऊब देते, पण नाजूक फुप्फुसांत धूर आणि विषारी वायूही भरते.

मोठ्यांनीही सांभाळायला हवं. रोज ज्येष्ठमध चघळल्याने रक्तदाब वाढू शकतो. कोरोनाकाळात २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद मिटो न मिटो, कुठलीही वनस्पती महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढा धडा पुरेसा आहे.

घड्याळ कधी पाहायचं?

लहान मुलाला खोकला असेल, तर ते शांत असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. यासाठी मोबाइलमधलं घड्याळही चालतं.

• २ महिन्यांखाली : मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास
• २ ते १२ महिने : ५० किंवा जास्त
• १ ते ५ वर्षं : ४० किंवा जास्त

यापैकी काही दिसलं, तर तो न्यूमोनिया असू शकतो. काढा, शेक, पुरचुंडी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध ओढत नसेल, निपचित पडलं असेल किंवा झटके आले असतील, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा. मोठ्यांसाठी दुसरं घड्याळ आहे. २ आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

फडावरच्या खोपीत घड्याळ कोण पाहणार?

हा सल्ला गावातल्या पक्क्या घरासाठी सोपा आहे. पण याच थंडीत जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. बीडहून, शिवाय पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडून आलेली कुटुंबं खोप्यांत राहतात. पहाटेच्या गारठ्यात आई-बाप तोडीला जातात, लेकरू फडाच्या कडेला असतं. दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो, खाडा पडतो. इथे ओव्याची पुरचुंडी ही 'नैसर्गिक जीवनशैली'ची निवड नसते. हाताशी असलेला तो एकमेव उपाय असतो. त्या आईला अडाणी ठरवणं सोपं आहे, तिच्यापर्यंत आरोग्यसेवा पोहोचवणं हे खरं काम.

ते अशक्य नाही, हे महाराष्ट्राने आधीच दाखवलंय. याच जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, फारशा न शिकलेल्या महिलांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांनाच न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने छापला.

प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहून ७५ वर्षं झाली. आज कोणत्या फडावर कोणती टोळी आहे, याची नोंद प्रत्येक कारखान्याकडे असते. त्याच नोंदीत ५ वर्षांखालच्या मुलांची यादी जोडता येईल. ती जवळच्या आरोग्य केंद्राला देता येईल. आशा सेविकेची फेरी ठरवता येईल आणि प्रत्येक टोळीतल्या एका बाईला श्वास मोजायला शिकवता येईल. दवाखान्यात गेलेल्या आईचा खाडा धरला जाणार नाही, हे मात्र कारखाना आणि मुकादमानेच ठरवायला हवं. उसाची मोळी न चुकता मोजली जाते. फडाच्या कडेला झोपलेल्या लेकराचे श्वासही त्याच काटेकोरपणे मोजले जावेत.