हट्टी मूल आणि एकटी आई

बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट हे तीन हट्ट एकाच पंक्तीस बसविण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. यांपैकीं राजांचीं राज्यें गेलीं व त्यांच्याबरोबर राजहट्टही गेला. स्त्रीनें आपलें मत मांडलें कीं त्यास हट्ट म्हणण्याची रीत पुष्कळ घरांतून, लाजेनें कां होईना, मागें पडत चालली आहे. उरला तो बालहट्ट. त्याचा निवाडा मात्र अद्याप जुन्याच पद्धतीनें होतो. आरोपी मूल, शिक्षा मुलास आणि दोष आईस, अशी ही न्यायाची तऱ्हा आहे. तिजविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

बाजाराच्या दिवशीं कोणत्याही पेठेंत उभें राहावें, म्हणजे पुढील देखावा दृष्टीस पडतो. तीन वर्षांचें मूल दुकानापुढें लोळण घेत आहे. त्यास तो टांगलेला लाल चेंडू आतांच हवा आहे. आईच्या एका हातांत भाजीची पिशवी, कडेवर धाकटें तान्हें. येणारे-जाणारे थबकून पाहतात. एक म्हणतो, "द्या एक ठेवून!" दुसरी म्हणते, "घेऊन टाका बाई एकदाचा!" दुकानदार तर चेंडू काढून मुलाच्या हातीं देऊन मोकळा होतो, पैसे आईनें द्यावयाचे. ती घरीं पोंचते तों यजमान विचारतात, "चेंडू घेतलाच कशाला?" आणि सासूबाई निकाल देतात, "हिनेंच लाडावून ठेवलें आहे." या साऱ्या मंडळींत पिशवी धरण्यास मात्र एकही हात पुढें झाला नाहीं.

मुलाचा हट्ट हा आईच्या लाडाचा परिणाम होय, ही समजूत निराधार आहे. दीड-दोन वर्षांच्या सुमारास मुलास आपण आईहून निराळे आहों याची जाणीव होऊं लागते आणि 'नाहीं' या शब्दाचें सामर्थ्य त्यास कळतें. इच्छा प्रबळ, पण ती बोलून दाखविण्यास शब्द अपुरे. त्यांत मनाचा वेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पुरता परिपक्व होण्यास विशी उलटून जावी लागते. जो संयम पोक्त माणसास गिऱ्हाइकापुढें राखवत नाहीं, तो तीन वर्षांच्या पोरानें राखावा ही अपेक्षा केवळ अन्यायाची आहे. शिवाय सर्व मुलें एका साच्याचीं नसतात. न्यूयॉर्क येथें अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानें १९५६ सालीं आरंभिलेल्या दीर्घ पाहणींत शंभरांपैकीं सुमारें चाळीस मुलें सहज वळणारीं, पंधरा हळूहळू रुळणारीं आणि दहा जात्याच तापट व अवघड आढळलीं. बाकीचीं मिश्र स्वभावाचीं होतीं. एकाच आईच्या पोटीं एक शांत व दुसरें वादळी निपजावें, यांत तिचा अपराध कोणता? मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांचा मेळ बसला तर तेंच मूल नीट वाढतें, हें त्या उभयतांचें म्हणणें ध्यानांत धरण्याजोगें आहे.

हट्ट मोडण्याचे आपल्याकडे तीन स्वस्त उपाय प्रचलित आहेत: मार, लाच आणि हल्लींचा मोबाईल. व्यापारी वाचकांस हें सहज उमगेल कीं तिन्ही उपाय म्हणजे उधारी आहे. आजचा प्रसंग भागतो. व्याज पुढें भरावें लागतें. चापटी खाऊन मूल गप्प होतें खरें. परंतु तें शिकतें एवढेंच, कीं ज्याचा हात मोठा त्याचें खरें. उद्यां तो धडा तें धाकट्या भावंडावर गिरवितें. खाऊची लाच घेऊन जें मूल उठलें, त्यास लोळण घेण्याचा भाव कळला. पुढील खेपेस तो भाव चढतो. मोबाईलची तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, वर्षभराच्या मुलापुढें असा पडदा मुळींच नसावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एक तासाहून अधिक नसावा. पण ज्या घरांत वडीलमंडळी जेवतांनाही तो हातचा सोडीत नाहींत, तेथें हा नियम एकट्या आईनें कोणाच्या बळावर पाळावा?

येथें कोणी म्हणतील, श्यामच्या आईनेंही श्यामला मारलें होतें! साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या त्या पुस्तकांत, पोहण्यास भिणाऱ्या मुलास आई मारून विहिरीवर धाडते, हें खरें. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाचकांच्या मनांत घर करून राहिली ती त्या माउलीची माया. तिच्या हातची काठी नव्हे. त्या काळच्या एका दरिद्री, थकलेल्या आईनें जें केलें तें आपण समजून घ्यावें. त्याचा आजच्या घरासाठीं दाखला करूं नये. शाळेंतील छडी तर २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें निषिद्ध ठरविली आहे, आणि स्वीडन देशानें १९७९ सालींच घरांतील मारही कायद्यानें बंद केला. जी छडी गुरुजींच्या हातांत गुन्हा ठरते, ती आईबापांच्या हातांत संस्कार कशी ठरावी?

मग मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवावा काय? मुळींच नव्हे. शिस्त हवीच, पण ती आधीं वडिलांनीं पाळावयाची असते. घरांत नियम थोडे असावेत, ते सर्वांस ठाऊक असावेत आणि आज 'नको' म्हटलेलें उद्यां रडण्यामुळें 'हो' होऊं नये. दुकानांत एकच भाव ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची जशी पत बसते, तशीच एक वचन ठेवणाऱ्या आईबापांची मुलापाशीं पत बसते. बाजारास निघण्यापूर्वींच काय घ्यावयाचें व काय नाहीं हें मुलास सांगावें. भुकेल्या वा झोपेस आलेल्या मुलास खरेदीस नेऊं नये. निम्मे हट्ट त्यांतूनच उद्भवतात. जेथें शक्य तेथें त्यास निवड करूं द्यावी: निळा सदरा कीं पिवळा, आधीं दूध कीं आधीं आंघोळ. त्याची इच्छाशक्ति अशी छोट्या कामीं खर्चीं पडली, म्हणजे मोठ्या गोष्टींत झुंज कमी होते. आणि वादळ उठलेंच, तर त्या वेळीं उपदेश व्यर्थ आहे. जवळ बसावें, इजा होऊं देऊं नये, आवाज चढवूं नये आणि तें ओसरल्यावर दोन शब्द बोलावेत. हें सांगणें सोपें व करणें फार कठीण आहे, हें आम्ही जाणून आहों. म्हणूनच तें एकटीचें काम नव्हे.

आणखी एक गोष्ट. मुलगा हटून बसला कीं आपण कौतुकानें त्यास करारी म्हणतों, मुलगी तशीच हटली तर "परक्या घरीं कसें निभेल?" म्हणून तिचें तोंड बंद करितों. जी मुलगी चौथ्या वर्षीं 'नाहीं' म्हणण्यास भ्याली, ती पुढें अन्यायास 'नाहीं' कोणत्या तोंडानें म्हणेल? कन्येचा हट्ट मोडून आज्ञाधारकपणा मिळविणारे आईबाप तिचें रक्षणाचें शस्त्रच काढून घेत असतात.

बालकास मान देऊन वाढविण्याचा विचार कांहीं आज विलायतेहून आलेला नाहीं. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर उघडलें. त्यांच्या कार्यांत सामील झालेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें तेंच काम खेड्यांतील गरीब मुलांपर्यंत नेलें, आणि अनुताई वाघ यांनीं त्यास जन्म वाहिला. ज्या भूमींत हें घडलें, तेथील सुखवस्तु शहरांत आजही "द्या एक ठेवून" हाच सल्ला ऐकूं यावा, ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हां आमचें मागणें साधें आहे. दुकान बंद करून घरीं येणाऱ्या पित्यानें रोजचा एक तास मुलाचा समजावा. त्या तासांत आईस खरोखर मोकळीक असावी. आजी-आजोबांनीं आईचा 'नको' तिच्या पाठीमागें मोडूं नये. मतभेद असल्यास मूल निजल्यावर बोलावें. नगरपालिकेनें प्रत्येक वस्तींत लहानग्यांस धांवण्यापुरती तरी मोकळी जागा राखावी. पन्नास वा अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनेनें पाळणाघराची सोय करावी असें कायदा सांगतो. ती सोय कागदावर न राहतां पाळणा प्रत्यक्ष हलूं लागावा, हें मालकवर्गानें पाहावें. आणि दुकानदार बंधूंस एकच विनंति: रडत्या मुलाच्या हातीं माल देऊन विक्री साधूं नये. त्या दोन पैशांच्या नफ्यापायीं एका आईचा दिवसभराचा धीर खर्चीं पडत असतो.

पुढील बाजारीं असें मूल लोळतांना दिसेल तेव्हां वाचकांनीं सल्ला आपल्यापाशींच ठेवावा, आणि त्या बाईच्या हातची पिशवी क्षणभर धरावी. सुधारणेचा आरंभ तेवढ्यानेंही होतो.