ट्रेलरचा कॅम्पर: हिशोब तोट्याचा, तरीही करा



उन्हाळा जवळ आला की आपल्या लोकांत एक प्रश्न हमखास फिरतो: "कार्गो ट्रेलर घेऊन त्याचा कॅम्पर केला, तर स्वस्तात पडतो का?" आम्ही दोन वर्षांपूर्वी हा उद्योग केला. मी चार्टर्ड अकाउंटंट, त्यामुळे प्रत्येक पावती जपून ठेवलेली आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देते: नाही, स्वस्तात पडत नाही. तरीही ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांनी करावं, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीची कारणं सांगते.

आधी आकडे. कार्गो ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचा, चारी बाजूंनी बंद असा सामानाचा डबा. आम्ही ६ बाय १२ फुटांचा जुना घेतला, ३,४०० डॉलरना. प्लायवूड, फोम, स्क्रू ९००. बॅटरी, फ्यूज, चार्जर, दिवे ८५०. खिडकी आणि छतावरचा पंखा ६००. गाद्या, शेगडी, कूलर ५००. गाडीला हिच, वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर ६५०. आणि हत्यारं ७००, जी व्हिडिओवाले कधीच बेरजेत धरत नाहीत. एकूण ७,६००. आमचं बजेट होतं ५,०००!

मग दरवर्षीचा खर्च. इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशन २५०. ट्रेलर ड्राइव्हवेत दिसला आणि आठवड्यात एचओएचं पत्र आलं, म्हणून बाहेर भाड्याची जागा घेतली, महिना ६०. दोन वर्षांत आम्ही ३१ रात्री बाहेर राहिलो, कॅम्पसाइटचे सरासरी ३५ धरा. उद्या ट्रेलर ५,००० ला विकला गेला असं मानलं, तरी एका रात्रीचा खर्च येतो १८१ डॉलर, जास्तीचा गॅस सोडून. एवढ्यात बरं हॉटेल मिळतं, आणि सकाळी वॉफलसुद्धा.

"मग कर्जावर नवा कॅम्परच घे, टॅक्स वाचतो," असं सांगणारे भेटतील. झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेला कॅम्पर आयआरएसच्या नियमात दुसरं घर धरता येतो, आणि त्याच्या तारण कर्जाचं व्याज वजा करता येतं, हे खरं. पण तुम्ही आयटमाइझ करत असाल तरच. आपल्यातले बहुतेक जण स्टँडर्ड डिडक्शन घेतात, म्हणजे फायदा शून्य. ३०,००० डॉलरचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ३०४ आणि एकूण व्याज २४,७०० च्या वर जातं. कॅम्परची किंमत तोवर कुठे गेलेली असेल ते तुम्हीच बघा.

म्हणजे पैशाच्या बाजूने हा व्यवहार मी कुठल्याही क्लायंटला सुचवणार नाही. आता दुसरी बाजू.

माझे बाबा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते. तिथे लाल गाड्यांच्या बॉड्या बांधायचे, सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिबिटं मारून बसवायचे. मला मात्र त्यांनी एकच सांगितलं, "तू शिक. तुझे हात काळे व्हायला नकोत." मी शिकले, पुण्यात आर्टिकलशिप केली, सीए झाले, इथे आले. हात इतके स्वच्छ राहिले की नळ गळला तरी मी आधी फोन शोधते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्याचंही तेच. आमच्या मुलांनी आम्हाला काम करताना पाहिलंय ते फक्त लॅपटॉपसमोर. त्यांच्या लेखी आईबाबांना सगळं येतं, कारण जे येत नाही ते आम्ही त्यांच्यासमोर कधी करतच नाही.

त्या वर्षी बाबा सहा महिन्यांसाठी कोलंबसला आले होते. आल्यावर महिनाभर त्यांनी जे केलं ते तुमच्याही घरी होत असेल: टीव्ही, खिडकी, चहा, पुन्हा खिडकी. ट्रेलर दारात आला त्या दिवशी त्यांनी न विचारता बुक्कीने पत्रा ठोकून पाहिला आणि म्हणाले, "सांधे सगळे परत भरायला लागणार."

आम्ही अर्थातच ऐकलं नाही, कारण आम्ही व्हिडिओ पाहिले होते. छताला आतून आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. प्लायने झाकण्याआधी त्यांची मापं लिहून ठेवू या, असं आमचा तेरा वर्षांचा मुलगा दोनदा म्हणाला. तेही ऐकलं नाही. पंख्यासाठी १४ इंचांचं चौकोनी भोक पाडायला करवत चालवली आणि ती थेट पट्टीत घुसली. नवरा गप्प. मी मनात किमती जोडतेय. तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले, अँगल कापून चौकट केली, पत्र्याचं ठिगळ बसवलं आणि रिबिटं नातवाकडून मारून घेतली. पहिली सहा वाकडी गेली. ती काढून परत मारायला लावली. मग होज पाईपने अर्धा तास छतावर पाणी सोडून, आत टॉर्च घेऊन बसले. तीन ठिकाणी गळत होतं. सांधे परत भरले!

त्या रात्री जेवताना नवरा मुलाला म्हणाला, "तुझं बरोबर होतं, मी ऐकायला हवं होतं." आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. तुमच्या घरात शेवटचं कधी बोललं गेलं, आठवून बघा.

आणि मराठी! रविवारच्या मराठी शाळेत जायला हा मुलगा कुरकुर करायचा. गॅरेजमध्ये तो पाना, पक्कड, कानस, गुण्या हे शब्द असे शिकला की आता त्यांचे इंग्रजी शब्द त्यालाच आठवत नाहीत. "आजोबा, गुण्या कुठंय?" हे त्याचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य, जे त्याने आधी इंग्रजीत तयार केलेलं नव्हतं. भाषा टिकवायला आपण पुस्तकं आणतो, क्लास लावतो. पण त्या भाषेत मुलांना गरज पडेल असं काम किती देतो?

करणार असाल तर चार गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा.

वजन: आमच्या ट्रेलरच्या पाटीवर भरलेलं कमाल वजन २,९९० पाउंड आहे आणि रिकामा १,३५० भरला. मधल्या १,६४० मध्ये सगळं बसवायचं. पाऊण इंची प्लायचं एक शीट साठ-सत्तर पाउंडांचं असतं, म्हणून पातळ प्लाय घ्या. निघण्यापूर्वी ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करा, आणि एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतोय ना ते तपासा. गाडी किती ओढू शकते ते मॅन्युअलमध्ये वाचा, मित्राला विचारू नका.

हवा: पत्र्याच्या बंद डब्यात तीन माणसं झोपली की सकाळी भिंतींना घाम फुटतो. पंखा आणि खिडकी दोन्ही हवीत. आत शेगडी किंवा गॅस हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २५-३० डॉलरला मिळतो, तो पहिल्या दिवशी लावा.

वायरिंग: बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला पैसे द्या. इथे काटकसर नको.

कागद: ट्रेलरचा कॅम्पर केलाय हे इन्शुरन्सवाल्यांना कळवा आणि काय कव्हर आहे ते लेखी घ्या. एचओएचे नियम खरेदीच्या आधी वाचा. आम्ही नंतर वाचले.

पहिली रात्र आम्ही हॉकिंग हिल्सला काढली. आत तिघं, शेजारी तंबूत दोघं. पाऊस आला. बाबा रात्रभर छताकडे बघत होते. थेंबही आला नाही, आणि सकाळी त्यांनी ते दोनदा सांगितलं.

बाबा आता पुण्याला आहेत. पूर्वी "आजोबांशी बोल" म्हणून फोन हातात कोंबावा लागायचा. गेल्या रविवारी मुलाने आपणहून व्हिडिओ कॉल लावला. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरायचं होतं आणि त्याला आमच्यावर भरवसा नव्हता.

ज्यांच्याकडे गॅरेज नाही, जागा नाही, त्यांनी ट्रेलर घ्यायलाच हवा असं नाही. सायकल दुरुस्त करा, पुस्तकांचं कपाट करा. फक्त तुम्हाला न येणारं काम निवडा, मुलांना सोबत घ्या, आणि आईवडील आलेले असतील तर त्यांना खिडकीपासून उठवा.

माझी खर्चाची एक्सेल शीट कुणाला हवी असेल तर सांगा, पाठवते. कोलंबसच्या आसपास असाल तर हत्यारंही उसनी मिळतील. गुण्या मात्र मुलाला विचारून द्यावा लागेल.