पितळेला नाक मुरडणाऱ्यांस

"सॅक्सोफोन? ते तर वरातीतले वाद्य!" असे म्हणून नाक मुरडणारे रसिक आमच्या भंडाऱ्यातही आहेत. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या गावाने पितळी वाद्याला हीन लेखावे, हा कोठला न्याय? बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलेल्या या वाद्यासाठी रशियन संगीतकार ग्लाझुनॉव्हने १९३४ साली कॉन्चेर्टो रचला. त्यात एकटा सॅक्सोफोन गातो आणि सारा तंतुवाद्यवृंद त्याला साथ करतो. आपल्याकडे कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवून दाखवले. आमच्या वरातीत मात्र वादकाने घाम गाळावा आणि शेवटच्या पंगतीला बसावे! दोष वाद्याचा नव्हे, ऐकणाऱ्यांचा आहे. दिवाळीला समया चिंचेने घासून लखलखीत करणारे आम्ही. कान कधी घासणार?