भिवंडी तेव्हा का पेटली नाही

सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तेच चार पुढारी, तोच चहा, शेवटी एक फोटो. बोईसर, तारापूर, नवापूर या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाच हे चित्र नवे नाही. सण पार पडला की समिती पुढच्या सणापर्यंत झोपते. एकोपा असा गरजेपुरता मागवता येतो का?

याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण ज्या ठाणे जिल्ह्यात होतो, त्याच जिल्ह्यात भिवंडी आहे. ती १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई जळू लागली, तेव्हा आता भिवंडी जाणार असेच सगळ्यांनी धरले होते. भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधीची काही वर्षे तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस एकत्र बसत, वस्तीतले तंटे तिथेच मिटवत. अफवा आली तेव्हा ती कुणाला विचारून खरी-खोटी करायची, हे लोकांना ठाऊक होते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळते: सर्व्हर बसल्यावर बॅकअप घेता येत नाही.

पण पुढे अधिकारी बदलले, समित्यांचा जोर ओसरला. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या जागेवरून वाद भडकला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार केले. ही दुसरी गोष्ट आपल्या सभांमध्ये कुणी फारशी काढत नाही. काढली पाहिजे. सूरह निसाने न्यायाची साक्ष स्वतःच्या माणसांविरुद्धही द्यायला सांगितले आहे. तिथे सवलत नाही.

ही साक्ष आपण देऊ, तेव्हाच सरकारकडे हिशोब मागताना आपला आवाज चढवता येईल. आणि हिशोब मोठा आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. दोषी पोलिसांची नावेही आयोगाने दिली होती. अहवाल १९९८ चा. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की बेपत्ता १०८ जणांच्या वारसांना शोधा, भरपाई व्याजासह द्या, बासनात पडलेल्या ९७ खटल्यांतले आरोपी हुडका. म्हणजे ज्या घरातला माणूस गेला, त्या घराने तीस वर्षे वाट पाहिली. अशा घरासमोर जाऊन 'झाले गेले विसरा' म्हणणे हा सलोखा नव्हे, ती दादागिरी आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारले. चोर, मुले पळवणारे आल्याची अफवा आधीपासून गावोगाव फिरत होती. त्या हत्येला मोबाईलवरून हिंदू-मुस्लिम रंग दिला गेला. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून यात एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला, आणि मग लाज वाटली. तीन माणसे मेली होती.

त्या अफवेला रात्रीच्या रात्री अडवणारे कुणी नव्हते. बोईसरमध्ये तरी आज कोण आहे? औद्योगिक वसाहतीमुळे इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार आहेत. वारली आहेत, मच्छीमार आहेत, आपण आहोत. एकमेकांचे फोन नंबर मात्र नाहीत.

म्हणून प्रस्ताव साधा आहे. सणाची वाट न पाहता महिन्यातून एकदा वस्तीत बसायचे. पुढारी नकोत, रिक्षावाला, कामगार, शिक्षिका, मासळी विकणारी मावशी आणि त्या भागाचा हवालदार हवा. पहिला विषय धर्म नको. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, त्यावर मच्छीमार वर्षानुवर्षे ओरडत आहेत. पहिल्या बैठकीला त्यांचे ऐकायला आपण जाऊ. आपल्या तक्रारी दुसऱ्या बैठकीत सांगू.