भाववाढ म्हणजे निव्वळ सट्टा नव्हे

जुन्या औद्योगिक शहरांत घरांचे भाव वाढतात ते केवळ सट्ट्यामुळे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत डेट्रॉइटला तरी लागू पडत नाही. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० पर्यंत साडेसहा लाखांच्या आत आले. २०१३ मध्ये शहराचे दिवाळे निघाले. पडक्या घराच्या डागडुजीचा खर्च त्याच्या बाजारभावाहून जास्त, म्हणून बँक कर्ज देईना आणि कर्ज नाही म्हणून डागडुजी होईना. भाव वाढल्याने ही कोंडी फुटते आहे. आमच्या रस्त्यावरच्या ज्या घराच्या खिडक्यांना वर्षानुवर्षे प्लायवूड ठोकलेले होते, तिथे आता पडदे दिसतात, पोर्चमध्ये लहान मुलाची सायकल असते. १९८८ पासून बंद पडलेली मिशिगन सेंट्रल स्थानकाची इमारत २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली.

मात्र फुगवलेल्या मूल्यांकनावर आकारलेल्या मालमत्ता करापायी इथल्या कितीतरी गरीब कुटुंबांची घरे गेली, हेही विसरता येणार नाही. पडत्या काळात ज्यांनी शहर सोडले नाही, त्यांच्यावर चढत्या काळात घर सोडायची वेळ येऊ नये.

— एक वाचक, डेट्रॉइट