उसाच्या ताज्या रसाची रम : चव वेगळी, शरीरावरचा परिणाम तोच



"डॉक्टर, ही रम मळीची नाही, उसाच्या ताज्या रसाची आहे. रंग नाही, कॅरामल नाही, वरून साखरही नाही. मग ही तरी चालेल ना?" परदेशातून पांढऱ्या रमची बाटली घेऊन आलेले रुग्ण हल्ली असे विचारतात. भारतातही अशी रम बनू लागल्यामुळे हा प्रश्न वाढणारच आहे. त्यातले पहिले वाक्य अगदी खरे आहे. शेवटच्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर "नाही" असे आहे. का, ते समजून घेऊ.

ही रम वेगळी कशी?

जगातली बहुतेक रम मळीपासून बनते. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरणारा काळा, दाट पाक. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावर मात्र ताज्या रसाचीच रम करण्याची परंपरा आहे. तिथल्या रमला 1996 मध्ये फ्रान्सचे भौगोलिक मानांकन मिळाले. ब्राझीलची काशासा आणि हैतीची क्लेरँ ही याच कुळातली पेये.

ताजा रस टिकत नाही, हे रसवंतीवर रस पिणाऱ्याला सांगायला नको. म्हणून ऊस तोडल्यावर लवकरात लवकर गाळतात, रस आंबवतात आणि त्याचे ऊर्ध्वपातन करतात. ही रम लाकडी पिंपात मुरवली नाही, तर तिला लाकडाचा रंग आणि व्हॅनिलासारखा वास येत नाही. नाकाला जाणवतो तो ओल्या गवताचा, हिरव्या उसाच्या कांडाचा, लिंबाच्या सालीचा वास आणि मिरीसारखा तिखटपणा. चवीच्या दृष्टीने ही रम खरोखर वेगळी आहे.

रसातले काय बाटलीत येते?

ऊर्ध्वपातनात आंबलेला रस तापवतात आणि निघालेली वाफ थंड करून गोळा करतात. जे वाफ होऊन उडते तेच पुढे जाते, म्हणजे अल्कोहोल, थोडे पाणी आणि वासाची द्रव्ये. उसातली खनिजे आणि उरलीसुरली साखर भांड्यातच राहते. थोडक्यात, रसाचा वास बाटलीत येतो, पोषण येत नाही. या रमला "नैसर्गिक" म्हणून पौष्टिक समजणे म्हणूनच चुकीचे आहे.

यकृताला मळीचे अल्कोहोल आणि रसाचे अल्कोहोल यांतला फरक कळत नाही. दोन्हींचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे घातक द्रव्य बनते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 पासून कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्या यादीत ताज्या रसाला सवलत नाही.

लेबलवर टक्केवारी वाचा

आपल्याकडची नेहमीची रम 42.8 टक्के अल्कोहोलची असते. तिच्या 30 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असते. काशासा कायद्याने 38 ते 48 टक्क्यांची असते, पण मार्टिनिकची पांढरी रम बरेचदा 50 किंवा 55 टक्क्यांची मिळते. 50 टक्क्यांच्या पेगमध्ये जवळजवळ 12 ग्रॅम अल्कोहोल होते. पेग तेवढाच दिसतो, मात्रा वाढलेली असते.

"फक्त चाखायला" हा शब्दही फसवा आहे. 15 मिलीचे सहा नमुने चाखले की 90 मिली होतात. 50 टक्क्यांच्या हिशेबाने ते सुमारे 35 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे आपल्याकडचे साडेतीन पेग. व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात, ते यासाठीच.

मधुमेहींनो, हे नीट वाचा

या रमेत साखर जवळपास नसते. त्यामुळे "मला चालेल" असा समज होतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच समजाची वाटते. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. अल्कोहोल आले की यकृत आधी त्याच्या मागे लागते आणि नवी साखर बनवणे मंदावते. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर काही तासांनी, कधी झोपेत, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

घाम, थरथर, अडखळती जीभ, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत आणि ती दारू चढल्यासारखीच दिसतात. "चढलीय, झोपू दे" म्हणून घरचे दिवा मालवतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून घरच्यांनी लक्षात ठेवावे :

- ग्लुकोमीटर असेल तर लगेच साखर तपासा.
- माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.
- शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

कोणी चाखूही नये?

गरोदर स्त्रिया, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, ट्रायग्लिसराइड खूप वाढलेले, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडाझोल चालू असलेले आणि व्यसनातून बाहेर पडलेले यांनी घोटभरही घेऊ नये. गाडी चालवायची असेल त्यानेही नाही. रोज पिणाऱ्यांनी मात्र अचानक बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावे. एकदम थांबल्याने फिट येऊ शकते.

माझे मत

जे पीत नाहीत त्यांनी या रमसाठी सुरुवात करण्याचे वैद्यकीय कारण एकही नाही. जे पितात आणि ज्यांना वरीलपैकी काही लागू नाही, त्यांना चाखायचीच असेल तर जेवणानंतर, एकच 15 मिलीचा नमुना घ्यावा. आधी नुसता वास घ्यावा, कारण या रमचे वेगळेपण बरेचसे वासातच आहे. मग चार थेंब पाणी घालून छोटे घोट घ्यावेत आणि तिथेच थांबावे. चवीचे कौतुक जरूर करा. फक्त त्या कौतुकाला आरोग्याचे प्रमाणपत्र समजू नका.

औषधे चालू असतील तर बाटली उघडण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. न लाजता विचारा.